दोन अंशांची चोरी

१

बांधावरच्या पेटीच्या एका पायाला कोणीतरी केळीचा करपलेला घड टांगला होता. घडाच्या दांड्याला पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला, आणि त्यावर कोळशाने लिहिलेलं: 'हिलाल चोर आहे'. सुनंदाबाईंनी पुठ्ठा सोडवला, त्याची घडी केली आणि पिशवीत टाकली. घड मात्र त्यांच्याने सोडवेना. एवढ्या मेहनतीने पोसलेला माल फासावर दिल्यासारखा लटकत होता.

धामणखेडे गाव सावद्यापासून सहा किलोमीटरवर. यंदाच्या उन्हाने गावातल्या निसवलेल्या, घड धरलेल्या केळीबागा उभ्या जागी भाजून काढल्या होत्या. पानं चुरगळून गेली, खोडं कमरेतून मोडली, आणि शेहेचाळीस घरांच्या तोंडचं पाणी पळालं. तरी सुरुवातीला कोणी रडलं नव्हतं, कारण गावाने वर्षापूर्वीच एक सोय करून ठेवली होती.

ही सोय म्हणजे एक मंडळ, ते सावद्याच्या हसन तडवीने उभं केलं होतं. त्याच्या धर्मात व्याज घेणं-देणं निषिद्ध, म्हणून मंडळात व्याज नाही. सभासदांनी वर्गणी देणगी म्हणून भरायची, आणि ज्याची बाग उन्हाने जाईल त्याला त्या देणगीतून उभं करायचं. याला तो तकाफुल म्हणायचा, म्हणजे एकमेकांचा भार उचलणं. सुदानात, बांगलादेशात ऊन-पुराने नडलेले शेतकरी असंच करतात, असं तो सांगायचा. गावाने सुदान नकाशातसुद्धा पाहिलं नव्हतं, पण भार उचलणं गावाला चांगलं कळत होतं.

ऊन किती पडलं यावर भांडण नको म्हणून बांधावर ही पांढरी पेटी आली. चार पायांवर उभी, चारी बाजूंनी लाकडी झडपा, आत तापमान मोजणारं यंत्र. आकडा बाहेरच्या काचेत दिसायचा. सलग तीन दिवस पंचेचाळीस किंवा त्याहून वर गेला की मदत मिळायची. यंदा सावद्याच्या सरकारी केंद्रावर शेहेचाळीस, सव्वा शेहेचाळीस असे आकडे आले, आणि धामणखेड्याच्या पेटीत सव्वा चव्वेचाळीसच्या वर आकडा गेलाच नाही. सहा किलोमीटरवर दोन अंश कोणी गिळले?

सुनंदाबाईंनी पेटीच्या कुलपाला हिसडा दिला. कुलूप शाबूत होतं. किल्ल्या दोनच. एक रोजचा आकडा लिहून घेणाऱ्या हिलालकडे, दुसरी सुनंदाबाईंच्या घरी देवघरातल्या डब्यात, कारण त्या मंडळाच्या पंच होत्या. तेव्हा दुसरीचा प्रश्नच नव्हता.

हरकत घ्यायची मुदत रविवारी संपत होती. आज शुक्रवार. आणि हिलालच्या घरासमोर, कोणीतरी सांगत आलं, माणसं जमली होती.

२

माणसं पांगवायला सुनंदाबाईंना फारसं बोलावं लागलं नाही. निम्म्याअधिक गावाने त्यांच्या हातच्या छड्या खाल्ल्या होत्या. पस्तीस वर्षं विज्ञान शिकवून गेल्याच वर्षी त्या निवृत्त झाल्या होत्या.

हिलाल शिंदखेड्याकडचा. सासऱ्याला मुलगा नव्हता म्हणून मंदाबाईचा नवरा होऊन इथेच राहिला, आणि बारा वर्षं झाली तरी गावाच्या लेखी 'तिकडचा'च होता. त्याची बोलीही तिकडचीच, नावही. हसन तडवी त्याची थट्टा करायचा, "अरबीत हिलाल म्हणजे चंद्रकोर. तू आमचाच की रे!" ती थट्टा आता अंगाशी आली होती. आधीच परका, त्यात तडवीचा माणूस, असं गाव उघड बोलू लागलं होतं.

ओट्यावर भांडी पोत्यात बांधून ठेवलेली होती. हिलाल भिंतीला टेकून बसला होता. त्याचा डावा डोळा सुजला होता.

"कुठे निघालास?"

"गावले. शिंदखेडाले." तो मान वर न करता म्हणाला. "बाई, मी खोटं लिखेल नही. काचमा जे दिखनं ते लिखं. मना पोरनी आन शे. पन बठ्ठा गाव माले चोर म्हनस."

"पेटी कधी उघडली होतीस?"

"गुढीपाडवाले. पुसाले. मंग उघडेलच नही. आकडा बाहेरथीन दिखस, उघडीसन काय करू?"

"किल्ली कोणाला दिली होतीस?"

त्याने शर्टाच्या आतून गळ्यातला काळा दोरा ओढून काढला. किल्ली घामाने काळी पडली होती. "हाई गयामाच ऱ्हास. आंघोय करतांना बी."

मंदाबाई दारात उभी होती. तिने पदराने तोंड पुसलं. "बाई, दोन दिस झाले, हे जेवले नाहीत. रविवारी सभेत यांचं नाव घेतलं तं मी पोरीले घेऊन कुठी जाऊ? माह्या बापाचं घर हाये हे."

सुनंदाबाईंना त्याचा शब्द पटला. पण पटल्याने काय होतं? किल्ली त्याच्याच गळ्यात होती.

घरी त्यांची सासू भागाबाई ओसरीत वाती वळत बसली होती. म्हातारी ऐंशीची. आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, काही दिवस ती गुडघे दुखत असूनही पहाटे तांब्या घेऊन मारुतीला पाणी घालायला जायची. आता पुन्हा घरातच असायची. "लोक हिलालले मारू राह्यले म्हने?" तिने विचारलं. "गरीब हाये व तो."

"रविवारपर्यंत चोर सापडला तर वाचेल, आत्या," सुनंदाबाई म्हणाल्या. सासूला त्या आत्या म्हणत.

"सापडंल," म्हातारी म्हणाली. "तू शोधून काढशीन."

३

शनिवारी सकाळी हसन तडवी सावद्याहून मोटारसायकलवर आला. पन्नाशीचा, सातपुड्याच्या पायथ्याचा माणूस, बोलणं सरळ. गावात शिरताना त्याच्यावर कोणीतरी शेण फेकलं होतं. बाही धुऊन तो सुनंदाबाईंच्या ओसरीत बसला.

"मी आकडा पाडला असं म्हणतात," तो म्हणाला. "बाई, तुम्ही हिशेबाच्या माणूस. मला सांगा, पाडून मला काय मिळणार?"

हाच प्रश्न सुनंदाबाईंनी रात्रभर उलटापालटा केला होता. विमा कंपनी असती तर न दिलेली मदत तिच्या खिशात गेली असती. इथे तसं नव्हतं. मंडळाला ठरलेला मेहनताना, मग ऊन पडो की न पडो. वर्गणीतलं उरेल ते सभासदांना परत.

"मग कोणाला मिळणार, ते तुम्हीच सांगा," सुनंदाबाई म्हणाल्या.

"ज्याची बाग जळली नाही त्याला. वर्गणी परत, आणि ती एकरांच्या हिशेबाने." तडवीने ओली बाही पिळली. "असा एकच आहे. पण मी नाव घेणार नाही. बिनपुराव्याचं नाव घेणं आमच्यात मोठं पाप."

नाव घ्यायची गरज नव्हती. गावातल्या सर्वांत मोठ्या बागायतदाराने, जितेंद्रने, वीस एकरांवर हिरवी जाळी टाकली होती, बांधाला गजराज गवताची भिंत केली होती. त्याची केळी मजेत डुलत होती. मंडळाचे नियम ठरताना सुनंदाबाईंनीच अकरावं कलम घालायला लावलं होतं: छेडछाड सिद्ध झाली तर सावद्याच्या केंद्राचा आकडा धरायचा, आणि ज्याच्या घरातून छेडछाड झाली त्या घराला मदत नाही. ते लिहिताना त्यांच्या डोळ्यांसमोर जितेंद्रच होता.

"छेडछाड नुसती बोलून चालणार नाही," तडवी उठताना म्हणाला. "साक्षीदार लागेल. समोर उभं राहून 'हे असं झालं' म्हणणारा."

४

जितेंद्रने सुनंदाबाईंना खुर्ची दिली, थंडगार ताक दिलं आणि हसून म्हणाला, "बाई, तुम्ही येणार हे मला कालच माहीत होतं. मदत वाटली नाही तर माझा फायदा आहे. खोटं कशाला बोलू?"

"मग?"

"मग किल्ली कुठाय माझ्याकडे? आणि हे बघा." त्याने मोबाइल पुढे केला. तो सावद्याचा आकडा आणि गावच्या पेटीचा आकडा रोज शेजारी शेजारी लिहून ठेवायचा. जाळीखाली पाणी किती सोडायचं ते त्यावरून ठरवायचा. "आखाजीच्या आदल्या दिवसापर्यंत दोन्हीकडे सारखंच. आखाजीपासून आपली पेटी दोन अंश खाली. आखाजीला मी बायकोला घेऊन सुरतेला साडूकडे होतो, पाच दिवस. विचारा कोणालाही."

सुनंदाबाई बोटाने आकडे खाली सरकवत गेल्या. दोन अंश, दोन अंश, कुठे पावणेदोन. आणि मग अचानक काही नाही. दोन्ही आकडे पुन्हा सारखे, पण तोवर ऊन पंचेचाळीसच्या आत आलं होतं.

त्यांनी दिवस मोजले. पुन्हा मोजले. बरोबर दहा.

"चोराने मध्येच का सोडलं असेल?" जितेंद्र म्हणाला. "मुदत तर महिनाभर होती. ऊन पुन्हा चढलं असतं तर? मी असतो तर शेवटपर्यंत चालू ठेवलं असतं."

ते बोलणं बेशरमपणाचं होतं, पण खरं होतं. ज्याला मदत बुडवायची तो महिनाभर बुडवेल. दहा दिवस मोजून थांबणारा माणूस वेगळाच असला पाहिजे. सुनंदाबाईंच्या हातातला ताकाचा पेला तसाच राहिला.

५

त्या थेट घरी गेल्या. देवघरातल्या डब्यातून किल्ली काढताना बोटांना कुंकू लागलं. डब्याशेजारीच करंडा होता, सांडलं असेल, असं म्हणून त्यांनी पदराला हात पुसला आणि बांधाची वाट धरली.

ही वाट त्यांच्या जिवावर यायची. पेटी जिथे उभी होती तिथेच गेल्या वैशाखात त्यांचा मुलगा स्वप्नील पडला होता. सव्वीस वर्षांचा, धडधाकट. घड कापता कापता उन्हाने पाडला, आणि कोणी बघेपर्यंत संपला. जळगावच्या दवाखान्यातून चिरफाड झालेला देह आला तो सरळ स्मशानात गेला, पुढे दहा दिवसांचे विधीही झाले नाहीत. हसन तडवी तेव्हा सांत्वनाला दारावर बसायला आला होता, आणि त्या बसण्यातूनच मंडळ निघालं. पेटी याच जागी असावी असं गावाने ठरवलं.

यंदाच्या आखाजीला घरोघर पितरांसाठी पाण्याची घागर भरली गेली. मातीची नवी घागर, वर डांगर म्हणजे खरबूज, शेजारी सांजोऱ्या. स्वप्नीलची पहिली आखाजी. सुनंदाबाईंनी घागर भरली नाही. भागाबाईने विचारलं तेव्हा "माझा नाही विश्वास" एवढंच म्हणून त्या आत गेल्या. खरं कारण त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं.

त्यांनी कुलूप काढलं. वरच्या भागात यंत्र जसंच्या तसं होतं. तारा जागेवर, धूळ जागेवर. खालच्या फळीवर बॅटरी होती आणि बाजूला वीतभर मोकळी जागा. त्या जागेवर फळी काळपट पडली होती, गोल. गोलाच्या कडेला पांढरी खारट पापडी धरली होती, गावच्या क्षाराच्या पाण्याची. नखाने खरवडली तर भुकटी झाली. आणि फळीच्या फटीत काहीतरी चपटं अडकलं होतं.

त्यांनी ते केसातल्या पिनेने काढलं. डांगराची बी होती.

गोल, ओल, डांगर, आखाजी, दहा दिवस. पाझरणारी मातीची घागर या बंद झडपांच्या पेटीत दहा दिवस बसली होती, आणि माठ घरातली हवा गार करतो तशी तिने यंत्राभोवतीची हवा गार केली होती. वर्गात त्यांनी हा प्रयोग शेकडो वेळा शिकवला होता. कुणीही काहीही चोरलं नव्हतं. मेलेल्या माणसाला दहा दिवस पाणी देतात.

सुनंदाबाईंनी बोटांवर उरलेलं कुंकू पाहिलं: डब्यातल्या किल्लीला पूजा करणारा हात लागला होता. त्यांनी कुलूप लावलं आणि घराची वाट धरली.

६

भागाबाई ओसरीत तशीच वाती वळत होती.

"आत्या, पेटीत घागर तुम्ही ठेवली होती?"

"तू भरली नाही ना व माय," म्हातारी म्हणाली. "मंग कोन भरन?"

"पण पेटीत कशाला?"

"तठीच पडला व्हता तो. उघड्यावर ठेवली अस्ती तं गुरांनी फोडली अस्ती. त्या पेटीत सावली हाये, झडपा हाये, कुलूप हाये. म्हटलं, माह्या नातवाचं देवघरच हाये हे." तिने वात बाजूला ठेवली. "दहा दिस रोज ताजं पानी घातलं. मागल्या साली त्याले कोनी दहा दिस पानी देल्लं नाही. मी मारुतीले जाते म्हने तुले. खोटं बोलले. त्यानं काई बिघडलं का?"

सुनंदाबाई आत गेल्या आणि मोरीत उभ्या राहिल्या. ओलं फडकं हातात होतं. पाच मिनिटांत पुसला जाईल असा पेटीतला तो डाग होता. पुसला तर हिलाल उद्या पोती टेम्पोत घालून जाईल, मंदाबाई पोर घेऊन दारात उभी राहील आणि पंचेचाळीस घरांना काही मिळणार नाही. न पुसला तर गाव या म्हातारीला काय म्हणेल? आणि अकरावं कलम. त्यांची स्वतःची दोन एकर बाग जळून गेली होती, नवी रोपं आणायला त्यांच्याकडेही मदतीशिवाय काही नव्हतं. नियम त्यांचाच, अक्षर त्यांचंच.

त्यांना त्या क्षणी चोरी करावीशी वाटली. मनापासून वाटली. मग त्यांनी फडकं दांडीवर टाकलं.

"आत्या, उद्या माझ्याबरोबर सभेला याल?"

७

रविवारी दुपारी चार वाजता सगळं गाव बांधावर आलं. हिलाल एका बाजूला, सुजलेला डोळा झाकत. तडवी त्याच्याजवळ. जितेंद्र खुर्ची घेऊन. भागाबाईला पेटीजवळच्या चौथऱ्यावर बसवलं होतं.

सुनंदाबाईंनी कुलूप काढलं. त्यांनी सगळ्यांना काचेतला आकडा वाचायला लावला: त्रेचाळीस पूर्णांक दोन. घरून आणलेली मातीची घागर पाण्याने भरून खालच्या फळीवर, त्या काळ्या गोलावरच ठेवली. ती नेमकी बसली. त्यांनी झडप लावली.

"आता थांबा," त्या म्हणाल्या. वर्गात म्हणायच्या तशाच.

पाऊण तास लागला. लोक घामाने निथळत उभे होते. बेचाळीस पूर्णांक आठ. बेचाळीस पूर्णांक एक. शेवटी हिलालने मोठ्याने वाचलं, "एक्केचाळीस पूर्णांक तीन," आणि तिथेच खाली बसून हुंदके देऊ लागला.

"आखाजीपासून दहा दिवस इथे घागर होती," सुनंदाबाई म्हणाल्या. "हिलालने लिहिलेला एकही आकडा खोटा नाही. किल्ली माझ्या घरची होती."

गलका उठला. त्यात म्हातारीचा आवाज कोणाला ऐकूच आला नाही, म्हणून ती पुन्हा बोलली. "मी ठेवली. माह्या नातवाले. मले काय ठावं त्यानं यंत्र गार व्हईल?"

 परवा पुठ्ठा लिहिणारा जो कोणी होता तोही त्याच गर्दीत मान खाली घालून उभा असणार. जितेंद्रने घसा खाकरला. "बाई, अकरावं कलम..."

"मला पाठ आहे."

तडवी पुढे आला. "बाई, आमच्यात कामाच्या आधी नीयत बघतात. आजींच्या नीयतेत खोट नव्हती. हे कलम त्यांना लागू नाही, असं मी लिहू शकतो."

"आज आमच्या घराला सोडलं तर उद्या कोणाला धरणार?" सुनंदाबाई म्हणाल्या. त्यांनी कागद मांडीवर घेतला. सावद्याचा आकडा धरावा, पंचेचाळीस घरांना मदत द्यावी, शेहेचाळिसाव्या घराला नाही. खाली सही केली. भागाबाईने साक्षीदार म्हणून अंगठा दिला. शाईची डबी हिलालने धरली होती.

म्हातारी काचेकडे बघत होती. "हिलाल, काय झालं रे त्या आकड्याचं?"

"एक घागरमुये दोन अंश ऊन उतरनं, माय."

"एका घागरीनं?" ती सुनेकडे वळली. "सुनंदा, त्या दिशी माह्या लेकराले तांब्याभर पानी भेटलं अस्तं, तं तो वाचला अस्ता का व?"

सगळ्या गावाला वाटलं, बाई नाही म्हणतील. म्हातारीला बरं वाटावं म्हणून तरी म्हणतील.

सुनंदाबाईंनी पेन खाली ठेवलं. "वाचला असता, आत्या," त्या म्हणाल्या. "त्याने एक वाजता मला फोन केला होता. आई, कॅनमधलं पाणी संपलं, पाठव, म्हणाला. मी पेपर तपासत होते. अर्ध्या तासात आणते म्हटलं. तीन वाजता निघाले."

 यंदा घागर का भरली नाही ते आता सगळ्यांना कळलं होतं.

भागाबाई उठली, भिंतीला धरावं तसं हिलालला धरून पेटीपर्यंत गेली आणि खालची घागर दोन्ही हातांनी बाहेर काढली. पाझरून ती थोडी उणी झाली होती. म्हातारीने ती सुनेच्या मांडीवर ठेवली.

"मंग हे तू भर," ती म्हणाली.

सुनंदाबाई घागर कमरेवर घेऊन विहिरीकडे निघाल्या, आणि लोकांनी बाजूला होऊन त्यांना वाट दिली.